तीनशे अठराचा पाना

२ मार्च

पोचले एकदाची. बस उशिरा आली, शेजारची बाई रस्ताभर माझ्या खांद्यावर झोपली होती, तरी मन खूश आहे. घराचे मालक निवृत्त दंतवैद्य. पहिल्या पाच मिनिटांतच ते मला ताई म्हणू लागले, म्हणून मीही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणते. चाळीस वर्षं लोकांचे दात उपटल्यावर त्यांना लष्कराच्या जुन्या अवजारपेट्या जमवायचा नाद लागला. अंगणापलीकडच्या शेडमध्ये एकतीस पेट्या आहेत. एकेकीची ओळख पटवायची आणि चिठ्ठी लिहायची, एवढंच माझं काम. संग्रहालयाच्या कोठारात अठ्ठावीस वर्षं हेच केलं, त्यामुळे हात शिवशिवतायत. खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून शेड आणि अंगणातला नळ दिसतो. गादी कडक आहे, चालवून घेईन. लेकीला फोन केला. सात वर्षांनी आई घराबाहेर पडली म्हणून तिला इतका आनंद झाला की बिचारी दोनदा तेच तेच विचारत होती.

५ मार्च

नऊ पेट्या झाल्या. पेटी ओळखायची तर झाकण उघडून हुरळायचं नाही, आधी तिची पाठ बघायची. पाठीला कोणी रंगरंगोटी करत नाही, त्यामुळे लाकूड आणि सांधे खरं बोलतात. मग बिजागऱ्या, मग स्क्रू. शेवटी कोपऱ्यात नखाएवढा रंग खरवडायचा आणि थर मोजायचे. हिरव्याखाली करडा निघाला, करड्याखाली पुन्हा हिरवा निघाला, तर पेटीने बरंच जग पाहिलंय समजावं. डॉक्टरांची सर्वांत लाडकी, आघाडीवरची म्हणून घेतलेली पेटी एका शाळेच्या सुतारवर्गातली निघाली. त्यांचा चेहरा एवढासा झाला आणि मला काही केल्या हसू आवरेना.

पेटीत प्रत्येक अवजाराच्या आकाराची खाच कोरलेली असते. रिकामी खाच डॉक्टरांना बघवत नाही, पडलेल्या दातासारखी वाटते म्हणे. त्यांच्याकडे सुट्या पान्यांचा एक खण भरलेला आहे. त्यातला मापाचा पाना घ्यायचा आणि बसवून टाकायचा. मी बजावलं की बदली माल मूळ म्हणून मिरवायचा नाही, चिठ्ठीवर तसं लिहीन. त्यांनी कोपरापासून हात जोडले.

९ मार्च

आज बाविसावी पेटी उघडली. झाकणाच्या आत सूचनेचा कागद चिकटवलेला, पिवळा पडलेला, पण वाचता येतो. अवजार घेताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला त्या जागी अडकवावा. अवजार जागेवर आल्यावर बिल्ला काढावा. बिल्ला असेपर्यंत माणूस बाहेर आहे असे समजावे.

मोठ्या पान्याच्या खाचेवर एक बिल्ला लटकत होता. ३१८.

आता खरं लिहिते. मी इथे पेट्यांसाठी आलेच नव्हते. माझा धाकटा मुलगा लष्करात मेकॅनिक होता, क्रमांक तीनशे अठरा. सात वर्षांपूर्वी घाटात बंद पडलेली गाडी दुरुस्त करायला गेला आणि परत आला नाही. गाडीही सापडली नाही. कागदावर बेपत्ता. पत्रांत तो ह्या पेटीची थट्टा करायचा, आजोबांच्या वयाची आहे आणि तितकीच कुरकुरते असं लिहायचा. त्याच्या तुकडीचं जुनं सामान लिलावात डॉक्टरांनी घेतलं हे मला कळलं होतं. लेकीला सांगितलं नाही. तिने मला येऊच दिलं नसतं.

बिल्ला हातात धरून शेडमध्ये बसले. खूप रडले. डॉक्टर दारापर्यंत आले आणि काही न विचारता परत गेले. भला माणूस आहे.

१० मार्च

डॉक्टरांना पेट्यांचे फोटो काढायचे होते. बाविसावीचं मी बघते म्हटलं. खणात मापाचा एक पाना सापडला, कोरा करकरीत, कधी न वापरलेला. जी चूक मी आयुष्यभर दुसऱ्यांना करू दिली नाही ती आज केली. तो खाचेत बसवला, बिल्ला काढून खिशात टाकला. का केलं? सात वर्षं तो बिल्ला माझ्याच गळ्यात लटकल्यासारखा होता. एकदा तरी धाकटा परत आला असं वाटून घ्यायचं होतं.

दुपारी चार वाजता अंगणातल्या नळाचा आवाज आला. एक जण पाठमोरा हात धूत होता. कोपरापर्यंत साबण, मग नखं, मग पुन्हा कोपरं. धाकटा असाच धुवायचा. तो वळला आणि मला आई म्हणाला.

११ मार्च

तो आहे. जेवत नाही, झोपत नाही, अंगणातल्या बाकावर बसून असतो. डॉक्टरांनाही दिसतो, कोण पाहुणे आलेत म्हणून त्यांनी विचारलं. मी मुलगा म्हटलं. ते म्हणाले, नाक अगदी तुमचं. केवढं बरं वाटलं!

पण मला ओळख पटवायची सवय. सोळाव्या वर्षी जॅकखाली सापडून धाकट्याच्या डाव्या अंगठ्याचं नख फुटलं होतं, ते दुभंगूनच वाढायचं. ह्याचं नख गुळगुळीत आहे. तळहातावर एक घट्टा नाही. कोरा करकरीत.

१३ मार्च

बदली चुकीची होती म्हणून माणूस चुकीचा आला, एवढंच. दिवसभर खण उपसला. पेटीच्याच सालचा, वापरून दांडा झिजलेला पाना मिळाला. पहिला काढला, हा बसवला.

चार वाजता नळ वाजला. नख दुभंगलेलं आहे. हातांना घट्टे आहेत. पण मला ओळखत नाही, नुसतं आई म्हणतो, पाटीवरचं वाचावं तसं.

पहिला गेला नाही. दोघं बाकावर शेजारी बसलेत.

१४ मार्च

घाबरले. खाच रिकामी केली, बिल्ला पुन्हा अडकवला. दोघांपैकी कोणीही हललं नाही. बरोबरच आहे. ज्यांनी कधी बिल्ला अडकवलाच नाही, त्यांना कुठे परत पाठवणार?

लेकीचा फोन आला. माझ्या आवाजावरून तिला कळलं काहीतरी. म्हणाली, आई, मी पण तुझंच पोर आहे गं, कधीतरी माझ्याकडेही बघ.

१६ मार्च

हात थांबत नाहीत. पत्रं पुन्हा वाचली. त्यात त्याने लिहिलंय, पान्याच्या दांड्यावर घण निसटून पडलेली खूण आहे, जबड्याचा एक कोपरा उडालाय. दोन दिवस कानस घेऊन बसले. खूण केली. कोपरा उडवला. वर ३१८ ठोकलं. माझ्या हाताने, मी. बिल्ला काढून तो पाना खाचेत बसवला.

तिसरा आला. त्याने मला म्हातारे म्हटलं. दहा वर्षांचा असल्यापासून धाकटा मला म्हातारेच म्हणायचा. मी त्याच्या गळ्यात पडले. अंगाला कानशीच्या भुग्याचा वास.

मग मी विचारलं. शेवटच्या फोनवर आमचं भांडण झालं होतं. सुट्टी पुन्हा पुढे ढकलली म्हणून मी म्हटलं होतं, आता येऊच नकोस. तेच शेवटचं बोलणं. हे कोणालाच माहीत नाही. विचारलं, रागावला आहेस का माझ्यावर?

तो हसला. म्हणाला, छे, कधीच माफ केलं.

माझा मुलगा इतक्या सहज माफ करणारा नव्हता. चार दिवस फुगून बसला असता, मला चहा करायला लावला असता, मग चहा पाणचट आहे म्हणून पुन्हा भांडला असता.

हा मला हवं ते बोलतो. मीच घडवलाय ना.

१७ मार्च

डॉक्टर बहिणीकडे गेले. बाकाकडे बघितलं नाही. किल्ल्या माझ्या हातात दिल्या. म्हणाले, ताई, तुम्हीही चला. नाही म्हटलं.

तिघं. एकाच वेळी मान वळवतात.

१८ मार्च

लेकीचा फोन. घाटात दरड सरकली. गाडी सापडली. तोही.

शनिवारी घरी आणणार आहेत. लेक रडत नव्हती, फक्त सांगत होती. तो गाडीखाली होता. काम करत होता. पाना मुठीत होता, सोडवावा लागला. त्याच्या वस्तूंबरोबर पाना आधीच घरी पाठवलाय. मी म्हटलं, पाना घेऊन ये. ती म्हणाली, उद्या सकाळी येते.

फोन ठेवला तर तिघं जिन्याच्या पायथ्याशी.

१९ मार्च, सकाळ

लेक आली. फाटकातूनच बाकाकडे बघितलं. भावाला तीनदा बघितलं तिने. ओरडली नाही. पाना माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसली. काचेतून दिसते, तोंडावर ओढणी—

मूळ आहे. पाठ बघितली, खूण बघितली. अंगठा टेकायची जागा झिजलेली, माझा अंगठा त्यात बसला. बदली मालाला हे कधी जमत नाही. कशी फसले मी? फसले नाही. फसायचं होतं.

दुपार

माझा घडवलेला पाना काढला, बिल्ला पुन्हा अडकवला. हा मूळ पाना खाचेत ठेवला की बिल्ला कायमचा निघेल. मग कोणी बाहेर नाही. मग नळ वाजायचा नाही, आता नाही, कधीच. तिसरा दारात येऊन हेच सांगतो. गोड आवाजात. म्हातारे, ठेवू नकोस. मी आहे ना.

दोन तास पाना मांडीवर. ठेवला नाही तर हे तिघं राहतील. चेहरा राहील. हाक राहील—

पण तो सात वर्षं गाडीखाली आहे. कामावर. कोणी सुट्टी दिली नाही. मी तर म्हटलं होतं, येऊच नकोस.

चार

शेडमध्ये आहे. आतून कडी लावली होती, तरी तिघं आत. पेटीसमोर बसलेत, झाकणावर हात. बाहेर लेक हॉर्न वाजवतेय. येते गं. येते.

रागावत नाहीत. तिघंही रडतायत. त्याच्यासारखेच, ओठ दुमडून. मनगट धरलंय माझं, किती हळू— उजवा हात सोडत नाहीत, डाव्याने लिहिते—

झाकण उघडलं. खाचेत बोटं घातलीत त्यांनी. बाळांनो, सरका. त्याला घरी यायचंय. माझ्यावर रागवायला तरी त्याला घरी—