तीन मिनिटे आधी वाजलेली शिट्टी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला मीटर-वाचक आणि एकतीस वर्षे हौशी फुटबॉलचा पंच, आज स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी दरडावलेले नसताना, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. छातीबद्दल तसा दाखला मिळू शकला नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव जण हसत घरी जातात, असे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला उरलेल्या दोघांचीच काळजी लागून राहिली आहे.

मी स्वभावाने घाबरट आहे, हे वाचणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे. गॅस बंद केला का ते पाहायला मी अर्ध्या जिन्यातून दोनदा परत येतो. असा माणूस दर रविवारी दोनशे लोकांच्या शिव्या खायला हौसेने का जात होता, हे कोडे माझ्या पत्नीला सुटलेले नाही आणि मलाही नाही. शिट्टी तोंडात असली की हात कापत नसत, एवढेच सांगता येईल.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. दोनदा लिहायला बसलो होतो आणि दोन्ही वेळा कलम सातपाशी येऊन उठलो.

कलम १. मी राहतो ते दोन खोल्यांचे घर, आतल्या सर्व सामानासह, माझ्या पत्नीस मिळावे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा त्यात सुखाने राहावे. फक्त तिच्या भावाला तिथे मुक्कामाला बोलावू नये. मला ‘आंधळ्या, चष्मा घाल’ असे ओरडणाऱ्या घोळक्यात माझा हा मेहुणा एकदा सामील झाला होता. गर्दीत आपण ओळखू येणार नाही असे त्याला वाटले. पंचाला सगळे ऐकू येते आणि घरातला आवाज तर फार लांबून ओळखू येतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीचेच. पासबुक कुठे आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम ३. माझ्या शिट्ट्या, कार्डे, दोन्ही गणवेश आणि बूट (ती मोजे जाड घालील तर बसतील) हे माझ्या एकुलत्या एक लेकीस मिळावे. ती चौदा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभी राहते. मी तिला यातले काही शिकवले नाही, उलट जाऊ नकोस म्हणून तीन महिने मागे लागलो होतो. गेल्या मोसमात एका खेळाडूचा बाप, पेशाने दातांचा डॉक्टर, मोबाइलवर तिचे चित्रण करत आणि तोंडाचा पट्टा चालवत तिच्या स्कूटरपर्यंत मागे आला. त्याच्या मुलाला तिने बाहेर काढले होते. घरी तिने चकार शब्द काढला नाही. मला ते दुसऱ्या पंचाकडून कळले. मी विचारले तर म्हणाली, “बाबा, तुम्ही तरी कधी घरी सांगायचात?” 

तिला माझ्या सूचना अशा: स्कूटर नेहमी फाटकाकडे तोंड करून लावावी. सामना संपल्यावर एकटीने मैदान सोडू नये. पाणी स्वतःच्या बाटलीतलेच प्यावे. अहवाल त्याच दिवशी लिहावा आणि खरा लिहावा.

कलम ४. पंच संघटनेच्या सेक्रेटरींना मी माझी घडीची खुर्ची देतो. त्यांनी ती घेऊन एकदा तरी भर दुपारी पूर्ण सामना पाहावा. मी आलो तेव्हा संघटनेत शेहेचाळीस पंच होते, आज अकरा आहेत. नवीन येतात, एक मोसम शिव्या खातात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. सेक्रेटरी म्हणतात, हल्लीच्या पोरांत दम नाही. साहेब, कपडे बदलायला खेळाडूंना दोन खोल्या आणि आम्हाला रेषा आखायच्या फक्कीच्या गोण्यांची कोठडी, तिचीही किल्ली तुमच्या खिशात. एकदा मी पावसात झाडाखाली विजार बदलली आहे. दम कुठून राहणार?

कलम ५. माझ्यासाठी मैदानावर एक मिनिट शांतता पाळू नये. तिथे मला कधीच शांतता मिळालेली नाही. आता मिळाली तर चुकल्यासारखे होईल.

कलम ६. गॅलरीतल्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालावे. हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही, हे मला कळते. सातवे कलम लांबवण्यासाठी लिहिले आहे.

कलम ७. माझ्या मालकीचा बसथांब्यासमोरचा गाळा माझ्या शिंपी मित्रास मिळावा. त्याचे कारण मला लिहावे लागेल, नाहीतर ही मेहेरबानी वाटेल आणि तो आणखी एकदा माझे आभार मानील. ते मला मेल्यावरही सोसवणार नाही.

शिंपी आणि मी बावीस वर्षे जोडीने सामने घेतले. मी मध्ये शिट्टी घेऊन, तो रेषेवर निशाण घेऊन. निशाणे तो स्वतःच शिवायचा, संघटनेची दोन धुण्यांत फाटत म्हणून.

चौदा वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याची ही गोष्ट आहे. मी दोन घड्याळे बांधत असे. डाव्या मनगटावरचे न थांबता चालायचे. उजव्या मनगटावरचे कोणी जखमी झाले, खेळ थांबला, की थांबवायचे आणि खेळ सुरू झाला की पुन्हा चालू करायचे. सामना उजव्या घड्याळावर संपवायचा असतो. त्या दिवशी उत्तरार्धात गोलकीपरला मार बसला आणि तीन मिनिटे खेळ थांबला. उजवे मी नीट थांबवले, नीट चालू केले. शेवटी मात्र, दोन्ही बाजूंनी आरडाओरडा चाललेला असताना, मी डावे घड्याळ पाहिले. त्यात पंचेचाळीस मिनिटे भरली होती. मी शिट्टी फुंकली. एका गोलाने मागे असलेल्या संघाचा एक खेळाडू त्याच क्षणी चेंडू घेऊन गोलसमोर एकटा होता. चेंडू जाळ्यात गेला, पण शिट्टीनंतर.

तीस वर्षे मी पाण्याचे मीटर वाचले. एक आकडा कधी चुकला नाही.

लोक दोरी ओलांडून आत आले. मला सगळ्यांचे चेहरे एकदम दिसले. कोणीतरी माझी कॉलर धरून विचारले, “वेळ कुठं संपली होती?” मी हात उचलला, शिंप्याकडे बोट दाखवले आणि म्हणालो, “त्यानं खूण केली.” एवढेच. मग लोक मला सोडून तिकडे धावले. कोणीतरी विटेचा तुकडा फेकला. फेकणारा कोण ते शेवटपर्यंत कळले नाही. शिंप्याला डाव्या डोळ्याने आता उजेड आणि अंधार एवढेच कळते. कॉलर, काजे, बारीक शिवण सगळे सुटले. गावातले चांगले शर्ट शिवणारा माणूस पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवतो.

त्याने कसलीही खूण केली नव्हती. निदान मी पाहिली नव्हती, कारण मी त्याच्याकडे पाहतच नव्हतो. पण दवाखान्यात पट्टी बांधलेल्या अवस्थेत तोच आधी बोलला. “मी टोपी सरळ करायला हात वर केला होता बघ. तुला वाटलं वेळ संपल्याची खूण केली. माझंच चुकलं रे.”

मी म्हणालो, “जाऊ दे.”

याहून नीच शब्द मी आयुष्यात बोललेलो नाही. खरे सांगायची ती वेळ होती आणि मी मोठ्या मनाच्या माणसासारखा त्याला क्षमा करून बसलो. अहवालातही मी ‘सहायक पंचाच्या चुकीच्या इशाऱ्यामुळे’ असेच लिहिले. संघटनेने त्याला वर्षभर बंदी घातली. वर्ष संपले तरी तो परत गेला नाही. दर मोसमाच्या सुरुवातीला मला भेटला की तो विचारतो, “तू मला मनापासून माफ केलंस ना?” आणि मी दर वर्षी मान हलवतो. चौदा वेळा.

हा गाळा म्हणजे भरपाई नव्हे. सोबतच्या बंद पाकिटात संघटनेला लिहिलेले पत्र आहे. त्यात हे सगळे सविस्तर आहे. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सभेत ते मोठ्याने वाचावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या लेकीने करावी. तिने कलम सात वाचून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटून घ्यावे, पण अंमलबजावणी करावी.

कलम ९. वकीलसाहेबांनी बजावले आहे की ज्याला या कागदाने काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, केल्यास त्याचे मिळणे रद्द होते. म्हणून तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई आणि समोरचे केशकर्तनालयवाले यांच्या सह्या घ्याव्यात असे ठरले आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी सव्वाबारा वाजता, त्याच हाताने. अक्षर बिघडले आहे त्यास इलाज नाही.

केशकर्तनालयवाले पाहुण्यांकडे गेले असल्याने माझ्या पत्नीने मला न विचारता शिंप्याला फोन केला. “भावजी, यांना सहीला माणूस हवाय, या ना.” तो वीस मिनिटांत आला. स्वतःचे पेन घेऊन आला. नर्सबाई आधीच बसल्या होत्या.

मी म्हणालो, “तुझी सही चालत नाही.”

“का? एक डोळा आहे की. एका डोळ्याची सही अर्धी होत नाही.”

“ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार होता येत नाही.”

“मला काय देतोयस? ते जुने बूट?” तो हसला. नर्सबाईही हसल्या.

माझ्यापाशी एक थाप तयार होती. पाकीट लपवून, खुर्ची-बुटाचे काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. छातीत इतके धडधडत होते की गुरुवारची वाट पाहावी लागणार नाही असे वाटले. मी कलम सातचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो उजव्या डोळ्याजवळ धरून वाचला. फार वेळ लागला. माझी पत्नी चहा टाकता टाकता थांबली होती. तिलाही हे ठाऊक नव्हते. कागद खाली ठेवून तो म्हणाला, “म्हणजे माझ्या हातानं काही झालं नव्हतं?”

“नाही.”

“चौदा वर्षं मी रस्त्यात कुणाला हाक मारायलासुद्धा हात वर केलेला नाही. माहितीये तुला?”

मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले. मला माफ कर, असेही म्हणालो. त्याने टेबलावरचे बंद पाकीट उचलून विचारले, “हे मेल्यावर वाचायचं?”

“हो.”

“आणि मग मी भांडू कुणाशी? फोटोशी?”

नर्सबाई ‘मी नंतर येते’ म्हणून उठू लागल्या, त्यांना त्याने बसवले. मला म्हणाला, “गाळ्याचं खोड. मला नको. आत्ता माझ्यासमोर खोड.” मी हातापाया पडायच्या बेतात होतो, पण तो ऐकेना. तेव्हा माझ्या पत्नीच्या आणि नर्सबाईंच्या समक्ष मी पुढील बदल करीत आहे.

कलम १०. कलम सातमधील गाळ्याचे वाक्य मी स्वतः खोडले असून बाजूला सही केली आहे. गाळा लेकीस मिळावा. त्या कलमातला बाकीचा मजकूर जसाच्या तसा राहावा.

कलम ११. संघटनेला लिहिलेले पत्र माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच शिंप्याच्या हाती दिले आहे. परवाच्या सभेत मी स्वतः उभा राहून ते वाचीन, तो समोर बसेल. सेक्रेटरी काय म्हणतील, लोक काय म्हणतील, लेक पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही, याची मला अतोनात भीती वाटते. ती या कागदावर नोंदवून ठेवतो.

कलम १२. आता शिंप्यास या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. तो साक्षीदार होण्यास पात्र आहे.

पत्नीने चहा आणला. दोनच कप होते, एक नर्सबाईंना आणि एक शिंप्याला.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे आणि मला कबूल आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: एकवीस, सोमवार.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरच्या, निवृत्त परिचारिका. यांनी माझ्यासमोर सही केली. सहीच्या वेळी नाडी जलद होती, शुद्ध पूर्ण होती. (सही)

साक्षीदार दुसरा: शिंपी, पूर्वीचा सहायक पंच. मी सर्व वाचले. सही माझ्यासमोर झाली. माफीचे विचारले आहे, त्याचे उत्तर मी आज देत नाही. ते ऐकायला याने दवाखान्यातून घरी परत यावे. (सही)