मधाळचा खर्ज

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर सुखरूप पोचला. खोका इतका जड, की जिना चढताना घरमालकीणबाईंनी विचारलं, भाडेकरू वाढला का म्हणून. तू सांगितलंस तसे आतले काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह आधी तापू दिले आणि मग तिन्ही डब्या आळीपाळीने पुढच्या खाचेत सरकवून पाहिल्या. तू त्यांना प्रीअ‍ॅम्प मॉड्यूल म्हणतेस. मी त्यांना मधाळ, तिखट आणि मवाली अशी नावं दिली आहेत. डबी बदलली की गिटारचा स्वभावच बदलतो! मधाळ लावून एकच तार छेडली, तर आवाज खोलीभर दाटला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आता रडगाणं. तालमीला हीच मधाळ लावली, तर मी जणू आलोच नव्हतो. मास्तर, म्हणजे ट्रम्पेट वाजवणारे आमच्या वाद्यवृंदाचे मालक, म्हणाले की मी गिटार वाजवतोय की तिची धूळ पुसतोय तेच कळत नाही. तीस तारखेला नव्या हॉलचं उद्घाटन आहे. त्या दिवशीही गिटार ऐकू आली नाही, तर माझ्या खुर्चीवर दुसरा कीबोर्डवाला बसणार. तो गृहस्थ आत्तापासूनच तालमीला येतो आणि गाणी सोडून खुर्चीकडेच बघत बसतो. तेव्हा मोठ्या आवाजाची एखादी डबी लवकर करून दे.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या संकटापुरता थोडा वाढव.

तुझा,
बारक्या


९ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही. 'मोठ्या आवाजाची डबी' हे शब्द पुन्हा लिहू नकोस. जोर मागच्या मोठ्या व्हॉल्व्हचा असतो, आणि तो भरपूर आहे. डबीत ठरतो तो आवाजाचा पोत.

आणि मधाळला नावं ठेवायचं काम नाही. कारखान्यातून आल्यावर रोज जेवणाच्या टेबलावर बसून, भावोजींना समोर बसवून मी तिचा आवाज जुळवला आहे. ऐकता ऐकता ते झोपी गेले, याहून मोठी दाद कुठली? तुझाच हात हलका पडत असेल. कष्टाचं म्हटलं की तुझं अंग पहिल्यापासूनच चोरटं.

तरी बाकीच्या दोन डब्या लावून बघ. तू बसतोस कुठे, शेजारी कोण, आवाज नेमका कधी नाहीसा होतो, तेही कळव. आणि झाकण उघडायचं नाही! बंद केल्यावरही आत वीज दबा धरून बसलेली असते. भाऊही एकुलता आणि अ‍ॅम्पही एकुलता, दोघांना जप.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात हलका नाही, दोन तारा तोडून झाल्या. तिखट ऐकू आली, पण डासासारखी. गाणाऱ्या बाई वळून वळून बघत होत्या. मवाली लावल्यावर तर मास्तरांनी हातच जोडले.

मी बसतो ड्रम आणि बेस गिटारच्या मध्ये. बेसवाला म्हणजे आमचा जाड्या. काल मधाळ लावून वाजवत होतो, तेवढ्यात जाड्या चहाला उठला. मास्तर पार दाराशी उभे होते, तिथून म्हणाले की आता कशी स्वच्छ ऐकू येतेय. जाड्या परत आला, त्याने सूर धरला, की मी पुन्हा गायब. तो माझ्यावर जळतो की काय, देव जाणे.

मधाळ सोबत परत पाठवतोय. तिची समजूत तूच काढ. रात्री झोप लागत नाही, ताई. ही खुर्ची गेली तर दुसरी कुठून आणू?

तुझा,
बारक्या


२४ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जाड्याला काही बोलू नकोस, त्या बापड्याचा दोष नाही. हावरटपणा माझा. टेबलावर गिटार एकटीच होती, म्हणून मी तिच्यात खर्ज भरभरून ठेवला. पण तुमच्यात खर्जाची जागा जाड्याची. दोघं एकाच जागेवर बसायला गेलात, तर जाडाच बसणार!

तेव्हा मधाळच्या दोन व्हॉल्व्हमधला कपॅसिटर काढून तिथे पुष्कळ लहान लावला. तो खर्जाला दारातच अडवतो. दोन रेझिस्टर बदलून मधल्या सुरांना वाट मोकळी करून दिली. सोल्डरचा डाग देताना हात जड झाला होता, लाडकी डबी होती रे माझी. आता टेबलावर तिचा आवाज ताटावर चमचा आपटल्यासारखा येतो. भावोजी जागे राहिले, यातच काय ते समज.

म्हणून सांगते, खोलीत एकट्याने लावू नकोस. थेट जाड्याशेजारी बसूनच लाव. माझ्यावर भरवसा ठेव. माझा मलाच फारसा नाही, पण तू ठेव.

तुझी,
ताई


३१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलो!

पार्सल आलं ते कार्यक्रमाच्याच दिवशी दुपारी, तालमी संपल्यावर. तुझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी डबी खोलीतच लावून पाहिली. घरमालकीणबाई वर येऊन विचारून गेल्या, काही फुटलं का. तिखट पिशवीत टाकूनच हॉलवर गेलो. पडद्यामागे हात तिच्यावरच होता. मग मनात आलं, ताईने आपल्या लाडक्या डबीला कात्री लावली ती काय उगीच? खाचेत मधाळ सरकवली.

पहिल्याच गाण्यात माझे सूर समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या गाण्यात मास्तरांनी आपला तुकडा मध्येच सोडला, ट्रम्पेट खाली घेतला, वळले आणि पुढचं तू घे अशी खूण केली. घेतलं, ताई! जाड्या म्हणाला, आज पहिल्यांदा त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं. मास्तरांनी कीबोर्डवाल्याला दुसरीकडे बघायला सांगितलं. खुर्ची माझी राहिली, ती तुझ्यामुळे.

तू ऐकायला हवी होतीस, एवढीच चुटपुट आहे.

तुझा,
बारक्या


३१ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि हे पत्र वाटेत एकमेकांना ओलांडतील. तू छान झालं असंच लिहिणार. तापाने फणफणलेला असतानाही बरं आहे म्हणायचास. म्हणून काल स्वतःच आले. शेवटच्या रांगेत खांबाआड बसले होते, सोबत तुझे भावोजी. ऐकू आला नसतास तर तशीच परतले असते आणि तुला कधी कळूही दिलं नसतं.

आधी नुसताच ट्रम्पेट. भावोजींचा हात मी एवढा दाबला, की त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. मग तू आलास. ड्रम, बेस, सगळ्यांमधून एकेक सूर निवडलेल्या दाण्यासारखा स्वच्छ. मी रडले, चारचौघांत रडले. शेवटची बस गाठायची होती म्हणून आत भेटायला आले नाही.

शेजारच्या बाईंनी विचारलं, गिटार कोण वाजवतंय. माझा भाऊ, असं सांगितलं. त्या पुन्हा ऐकू लागल्या, पण मला कुठला धीर! त्यांनी विचारलेलं नसतानाही त्यांना हलवून सांगितलं, की ते यंत्र मी केलंय, आणि कपॅसिटरपासून सुरुवात केली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरं हो, पण आता मला त्याला ऐकू द्या.

माया आहेच, ती लिहून काय वाढायची.

तुझी,
ताई