वजन ठेवल्याशिवाय फोटो नाही

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (हल्ली दिवसभर लोकांच्या पायांनाच हात लावते, पण हा तेवढा मनापासून.) तुमचा खोकला आणि त्यावरचं मामीचं बोलणं, दोन्ही कमी झालं असेल.

तुमच्याबरोबर सकाळी फिरायला येणारे टेलरकाका परवा आमच्या हाडांच्या वॉर्डात येऊन गेले. तुमच्या कानावर आलंच असेल, पण ती त्यांची बाजू. दुकानाची शेवटची पायरी चुकली आणि पाऊल मुडपलं. झोपवून काढलेला एक्स-रे एकदम नॉर्मल. सगळे म्हणाले, मुरगळलंय. पण मी पाऊल उलटं करून बघितलं, तर तळव्याच्या मधोमध जांभळा डाग! म्हणजे घोटा आणि बोटं यांच्या मधल्या सांध्याचं लिगामेंट तुटलेलं असू शकतं. (त्या जागेला मराठीत काय म्हणतात, मला माहीत नाही. तुम्हालाही नसणार.) हे झोपलेल्या पायात दिसत नाही. उभं राहून पायावर भार दिला, तरच हाडांमधली फट उघडते.

हा 'भार' शब्द तेव्हा सुचला असता, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी म्हणाले, "काका, वजन ठेवल्याशिवाय फोटो खरा येणार नाही."

त्यांनी हळूच विचारलं, "किती?"

"झेपेल तेवढं."

"अर्धं चालेल?"

"अर्ध्याने काही दिसायचं नाही. लाजू नका, इथे सगळेच ठेवतात."

काका उठले आणि एका पायावर उड्या मारत कॉरिडॉरभर ओरडले, की ही कालची पोर उघड उघड लाच मागते. (कागदावर 'वजन ठेवणं' म्हणजे काय, हे आमच्या इंग्लिश मीडियममध्ये शिकवत नाहीत.) सरांनी विचारलं, नक्की काय मागितलंस? मी खरं तेच सांगितलं, वजन. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तोवर काका घरी पोचले. आता तो नॉर्मल एक्स-रे गिऱ्हाइकांना दाखवत त्याच पायाने मशीन मारतायत म्हणे. असंच चाललं तर पावलाची कमान बसेल, आणि मग मशीनही बसेल.

तुमची,
कालची पोर

ता. क. त्यांना त्यांच्या भाषेत सांगा, की शिवण टेबलावर ठीक दिसते, अंगात घातली की उसवते. फट निघालीच, तर सर स्क्रूचे दोन-तीन टाके घालतील. त्यानंतर कित्येक आठवडे वजन ठेवायला सक्त मनाई आहे. हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

ता. ता. क. माझा फोन ते कट करतात. पण तुमच्या शब्दाला त्यांच्याकडे वजन आहे, असं आई म्हणते. तेवढं ठेवा. अर्धं चालणार नाही.