उरलेल्या पट्ट्या

२ तारीख, सोमवार

लागली बुवा नोकरी! ताईने आनंदाने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, आठवडाभर टिकलास तरी मिळवलं. स्टुडिओ म्हणजे एका दुकानामागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मालकाच्या मिशा बघताक्षणी मी त्याचं नाव ठेवलं, बोका. काम एकदम सोपं. एक जुना सिंथ आहे, म्हणजे विजेवर वाजणारी पेटी, लाकडी कडांचा, हलवायला दोघं लागतात. त्याची एकेक पट्टी दाबायची, आवाज वायरीतून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि तो पुरता विरेपर्यंत खोकायचंही नाही. मला! गप्प बसायचा पगार! असे सगळे आवाज जमले की झाला संच. तो बोका गाणी करणाऱ्यांना विकतो. मग त्यांना हे धूड घरात नको, कॉम्प्युटरवरच वाजवत बसतात.

४ तारीख, बुधवार

एक गंमत आहे. जी पट्टी रेकॉर्ड झाली ती सिंथवर परत वाजतच नाही. ठार. बोक्याला विचारलं तर म्हणे यंत्र म्हातारं झालंय, म्हणून तर घाईने उतरवून घेतोय, आणि तू जरा तोंड कमी चालव. सगळ्या पट्ट्या घ्याव्याही लागत नाहीत. मधून मधून घ्यायच्या, उरलेल्या कॉम्प्युटर स्वतःच भरतो, शेजारचा आवाज ताणून. ज्याने हे शोधलं तो माझ्यासारखाच आळशी असणार.

६ तारीख, शुक्रवार

आज कहर केला. ताई माझा विसरलेला डबा द्यायला आली. सिंथला मागे माइक लावायची सोय आहे. तो हळूच तिच्यापुढे धरला आणि तेवढ्यात तिला पर्समध्ये मी ठेवलेलं रबरी झुरळ सापडलं. अरे गाढवा, अशी किंचाळली की बास! सिंथमधून थेट कॉम्प्युटरमध्ये. ते मी संचातल्या सगळ्यात खालच्या पट्टीवर बसवलं. बोका ऐटीत तपासायला बसला, पट्टी दाबली आणि खुर्चीतून पडता पडता वाचला. मग मिशीत हसला. म्हणे राहू दे, गिऱ्हाइकं खूश होतील.

९ तारीख, सोमवार

सकाळी ताईच्या चहात मीठ टाकलं. तिने तोंड उघडलं, पण शिवी आलीच नाही. बाकी सगळं बोलते, फक्त गाढव म्हणता येत नाही. मला वाटलं माझीच फिरकी घेतेय. जाम हसलो.

१० तारीख, मंगळवार

संचातली खालून दुसरी पट्टी दाबून बघितली. ताणलेलं गाढवा यायला हवं होतं. हॅलो आलं. ताईचं, फोनवरचं, गोड. पुढच्या पट्टीवर, जेवलास का. हे मी रेकॉर्ड केलेलं नाही! कॉम्प्युटर स्वतःच भरतोय. पण कुठून?

घरी आलो तर ताई रडत बसलेली. दवाखान्यात फोन घ्यायची नोकरी तिची, आणि दिवसभर हॅलो म्हणताच आलं नाही. घरी पाठवून दिलं. डॉक्टर म्हणे घसा ठणठणीत आहे.

१२ तारीख, गुरुवार

आता एकही शब्द नाही. कागदावर लिहून दाखवते. तिला स्टुडिओत नेलं, म्हटलं संच पुसला की आवाज परत येईल. पुसला आणि ती धाडकन खाली पडली. ओठ निळे. घाईघाईत संच परत आणला तेव्हा कुठे श्वास आला.

पुसताही येत नाही.

बोक्याला सगळं सांगितलं. तो म्हणे तुझ्या टवाळ्या घरी कर. संच तर कालच सगळ्यांना पाठवून झालाय.

१३ तारीख, शुक्रवार

जेवताना ताईचं तोंड आपोआप उघडतं, मिटतं. ठेक्यात. कुणीतरी कुठेतरी गाणं करतंय. लांब सूर धरला की तिचा श्वास अडकतो. माझा हात घट्ट पकडते, त्या माणसाने पट्टी सोडेपर्यंत —

आज खूप लांब धरला एकाने.

१४ तारीख

बोक्याला ताईसमोर पट्टी दाबायला लावली. तिचं तोंड उघडलेलं बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणे एकच वाट आहे. सुधारलेला संच पाठवला की सगळीकडचा जुना आपोआप बदलतो. तिच्या जागी दुसरा आवाज बसवायचा. पण कुणाचा, विचारलं त्याने.

मी माइक उचलला.

१६ तारीख

ताई बोलली! आधी माझं नाव घेतलं, मग शिव्या, मग नुसतीच बडबड. ऐकत बसलो. हसायला गेलो तर —

१७ तारीख

तिला खरं सांगितलं नाही. दाढ दुखते असं लिहून दिलं. म्हणाली बरं झालं, घराला जरा शांतता.

तोंड रुमालाने झाकून बसतो. ते हलतं.

१८ तारीख

बोका सांगून गेला, नवा संच जोरात खपतोय. माझ्याकडे बघत नव्हता —

ताई दाराबाहेरून हाका मारतेय. कडी काढ म्हणते. उठायचंय पण कुणीतरी पट्टी — धरून ठेवली — अजून — सोड ना — आता दुसऱ्यानेही — सो