नदीची जुनी वाट

बाबा, तुमचा नकाशा काल माळ्यावरून काढला. कापडावर चिकटवलेला, इंग्रजांच्या वेळचा. बोरिवलीमागच्या डोंगरांतून उतरणारी आपली नदी, दोन्ही अंगांना हिरवं जंगल आणि चढाच्या तपकिरी रेषा. नकाशे काढणं हीच तुमची नोकरी, पण जीव जडला तो ऑफिसच्या रद्दीतून मागून आणलेल्या या एकावर. रविवारी तो घेऊन मला नदीकाठाने जंगलात न्यायचात. रेषा दाटीने आल्या की म्हणायचात, "आता दम लागतलो बघ," आणि खरंच लागायचा.

मग भाड्याची खोली सोडून नदीजवळच्या बैठ्या घरांतलं एक घ्यायचं ठरलं. आईने पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलेलं. तुम्ही स्वयंपाकघरात नकाशा पसरलात, कोपऱ्यांवर वरवंटा आणि तांब्या ठेवलात, आणि नेमकं त्या जागेवर बोट टेकवलंत. नदी पूर्वी तिथूनच वाहायची. "नदी आपली वाट इसारना नाय," तुम्ही म्हणालात. आई स्टोव्हपाशी उभी होती. "नकाशात ऱ्हवाक मिळाला असता तर माझा घर कधीच झाला असता!" घर घ्यायचं राहिलं ते राहिलंच. कितीतरी दिवस ती तुम्हाला न बोलता वाढत होती.

पुढे अर्धांगवायूने तुम्ही खाटेला खिळलात आणि त्याच वर्षी जुलैत नदी फुगली. वरच्या अंगाला खाणवाल्यांनी दगडमाती टाकून पात्र आपल्या बाजूला सरकवलेलं, ते जुन्या नकाशाला कुठून कळणार? पाणी शिरलं ते आपल्या भाड्याच्या खोलीत. तुमची खाट विटांवर चढवली. दुसऱ्या दिवशी मी आणि आई ती घरं बघून आलो. ओट्यावरच्या चपलासुद्धा हलल्या नव्हत्या. घरी आल्यावर तुम्ही जड जिभेने विचारलंत, "ती घरं?" आई तुमचे पाय पुसत होती. "गळ्यापर्यंत पाणी इला थंय. बरा झाला तुमचा ऐकला." त्या रात्री तुम्ही शांत झोपलात. दिवाळीआधी गेलात.

मला तुमचा फार राग यायचा. आई भाड्याच्या खोलीतच म्हातारी झाली. खोटं का बोललीस, असं तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "जाणाऱ्या माणसाक चूक कित्याक दाखवूची?"

उद्या तुमची तिथी. हे पत्र फोटोपुढे ठेवणार होते. नाही ठेवत. तिने जन्मभर झाकलं ते मी कशाला उघडू? आणि खरं सांगू, नकाशा उलगडला की अजूनही मला तुमचंच पटतं.