बंगल्यावरची अल्सेशियन

आये, आज दुपारी मी जेवण अर्धं टाकून स्वयंपाकघरात येऊन बसले. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर परदेशातला कुत्र्यांचा शो लागला होता. नातवंडं, सून, शेजारची दोन मुलं, सगळी आपापली जात धरून बसली होती. एकाला लॅब्रेडोर जिंकायला हवा, दुसरीला ते आखूड पायांचं लांबुळकं कुत्रं. टाळ्या, शिट्ट्या, एकमेकांना चिडवणं. मग एक अल्सेशियन आली. आता तिला जर्मन शेफर्ड म्हणतात. ताठ कान, पाठीवर काळा पट्टा, शेपटी खाली सोडलेली. धाकटी नात म्हणाली, "आजी, तू कुणाकडून?" पाणी प्यायचं निमित्त काढून मी उठले. सत्तर वर्षं होत आली त्या गोष्टीला, तू जाऊनही तीस झाली, आणि मी अजून तशीच घाबरते. हे तुला कधी सांगितलं नाही, म्हणून हिशेबाच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे.

अंधेरीला टेकडीच्या बाजूला तो बंगला होता. बाबा पहाटे गिरणीत गेले की तू तिकडे कामाला जायचीस, आणि मी शाळा सुटल्यावर तिकडेच यायचे. बाईसाहेब एकट्या, विधवा, कडक पण वाईट नव्हत्या. त्यांच्या स्वयंपाकासाठी वेगळी बाई होती. तुझं काम कुत्रीचं. मागच्या पडवीत चूल, तिच्यावर मोठं पातेलं, त्यात वांद्र्याच्या खाटिकाकडून आलेली हाडं आणि जाड तांदूळ. तो वास तुझ्या लुगड्याला चिकटायचा, म्हणून घरी आल्यावर तू आंघोळ केल्याशिवाय आपल्या चुलीला हात लावत नव्हतीस. चाळीतलं कुत्रं उंबऱ्याजवळ आलं तर तू लाकूड घेऊन धावायचीस, पण ही अल्सेशियन दोन महिन्यांची असताना आली तेव्हा दुधात कापसाची वात बुडवून तूच तिला पाजलं होतंस. तिच्याशी तू मालवणीत बोलायचीस आणि बाईसाहेब इंग्रजीत. ती तुझं जास्त ऐकायची. बाईसाहेबांनी तिचं नाव शोमध्ये घातलं तेव्हा त्यांच्याइतकीच तूही हरखली होतीस. रोज शिकेकाईने न्हाऊ घालून तिला उन्हात बसवायचीस आणि मला म्हणायचीस, "बघ गो, वाघीण दिसता की नाय?"

आता ते, जे तुला मी फार उशिरा सांगितलं. शोच्या तीनेक आठवडे आधीची दुपार आहे. तू आत भांडी घासते आहेस. फाटकाबाहेरच्या झाडाखाली बोरं पडली आहेत, ती वेचायला मी जाते आणि फाटक लोटून घ्यायचं विसरते. वळून बघते तर एक तपकिरी कुत्रं माझ्या बाजूने आत चाललं आहे. ते माझ्याकडे बघत नाही, भुंकत नाही. मान खाली घालून सरळ रेषेत चालतं, आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबते आहे. अल्सेशियन साखळीला बांधलेली होती. झटापट किती वेळ चालली मला सांगता येणार नाही, मी बोरं मुठीत घट्ट धरून उभी होते. मग ते कुत्रं आलं तसंच निघून गेलं. अल्सेशियनच्या कानामागे केसांत रक्त होतं, एवढंसं. मी ते माझ्या झग्याच्या आतल्या बाजूने पुसलं आणि फाटक लावलं. संध्याकाळी घरी येताना नाक्यावर माणसं जमली होती. लाठ्यांनी एक कुत्रं मारून टाकलं होतं. तपकिरी. कोणीतरी म्हणालं, पिसाळलेलं होतं, बरं झालं. तू माझे डोळे पदराने झाकलेस, पण मी ते ओळखलं होतं.

पिसाळलेलं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आदल्याच वर्षी आपल्या चाळीतल्या शेवटच्या खोलीतले आजोबा पिसाळलेलं कुत्रं चावून गेले होते ना. त्यांना खाटेला बांधून ठेवलं होतं. बायकोने पाण्याचा तांब्या आणला की त्यांची मान मागे जायची आणि घशातून असा आवाज यायचा की आम्ही मुलं जिन्याखाली जाऊन लपायचो. मी खिडकीतून एकदाच बघितलं. मग मी बंगल्यावर कुत्रीपासून लांब बसू लागले. तू विचारलंस, काय झालं. मी म्हटलं, पोट दुखतं.

आणि शोला आठ दिवस असताना ती तुला चावली. तू नेहमीसारखं पातेलं तिच्यापुढे ठेवत होतीस. ती आधी गुरगुरली, आणि तू हसून तिच्या डोक्याकडे हात नेलास तसं तिने तुझं उजवं मनगट दातांत धरलं. लगेच सोडलंही, आणि खाली बसून शेपटी हलवायला लागली, जणू तिलाच कळलं नव्हतं. तू ओरडली नाहीस. नळाखाली हात धरलास, वरून तिखट आणि चुना दाबलास, चिंधी बांधलीस. तुझ्या कपाळावर घामाचे थेंब आलेले मला दिसत होते.

"कोणाक सांगू नको," तू म्हणालीस. "बाईसाहेब तिका शोमधून काढतील. ती माका कशाक चावतली? दुखला आसात तिचा कायतरी."

"आये, डॉक्टरकडे जा ना."

"शो झाल्यार जातंय. काय होवचा नाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण फाटक मी उघडं टाकलं होतं, आणि तू मारशील याची मला तेव्हा तू मरशील यापेक्षा जास्त भीती वाटली. नऊ वर्षांची होते, एवढंच सांगू शकते. त्या आठ दिवसांत मी नीट झोपले नाही, नीट जेवले नाही. तू उसाचा रस पीत होतीस, चहा पीत होतीस, आणि प्रत्येक वेळी तो घशाखाली उतरेपर्यंत मी तुझ्या गळ्याकडे बघत होते.

शो एका शाळेच्या मैदानावर होता. दोरी बांधून मधे चौकोन केला होता, कर्णा लावला होता, खुर्च्यांवर टोप्या घातलेले साहेब, पारशी मंडळी, झग्यातल्या ख्रिस्ती बायका. एक कुटुंब पांढऱ्या पॉमेरियनच्या बाजूने, एक गट बुलडॉगचा, प्रत्येक फेरीला आपापल्या जातीसाठी ओरडत होता. मागच्या भिंतीवर आपल्याकडची माणसं चढून बसली होती. त्यांना त्या बुटक्या कुत्र्यांचं हसू येत होतं, अल्सेशियनच तेवढी कुत्र्यासारखी दिसते म्हणून ते सगळे तिच्या बाजूने होते. बाईसाहेब तिला घेऊन आत आल्या आणि भिंतीवरून जो गलका उठला, त्यात मला तुझा आवाज ऐकू आला. चार माणसांत तू कधी मोठ्याने बोलली नव्हतीस. आणि आता तू दोरीला पोट टेकून, चिंधी बांधलेला हात वर करून ओरडत होतीस, "ताठ ऱ्हव गो बाय, ताठ ऱ्हव." ती तुझ्याकडे बघून खरोखरच ताठ उभी राहिली. लोक हसले, टाळ्या वाजल्या. तुझा चेहरा इतका आनंदी मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

फेरी संपली तसं कडेला तिच्यापुढे पाण्याचं घमेलं ठेवलं. तिने वास घेतला आणि मान फिरवली. बाईसाहेबांनी घमेलं पुढे सरकवलं. तिने परत मान फिरवली. मुलांचं एक टोळकं तिच्याभोवती जमलं होतं, एकजण तिच्या गळ्यात हात टाकून उभा होता.

"आये," मी तुझा पदर ओढला, "तिला कुत्रं चावलंय."

तुला गोंगाटात ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं. फाटक, बोरं, तपकिरी कुत्रं, नाक्यावर मारलं ते, सगळं एका दमात म्हटलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. तू दोरीखालून वाकून आत गेलीस, आधी त्या मुलाला तिच्यापासून ओढून बाजूला केलंस, आणि सरळ कुत्र्यांच्या डॉक्टरांच्या टेबलाशी जाऊन चिंधी सोडलीस.

"ही माका चावली," तू म्हणालीस. "आणि हिका पिसाळलेला कुत्रा चावला हा."

तुझ्याभोवती एकदम मोकळी जागा झाली. माणसांनी आपली कुत्री उचलून घेतली. बाईसाहेब पांढऱ्या पडल्या. "मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. "माझी चूक झाली," तू म्हणालीस. माझ्याकडे बोटसुद्धा केलं नाहीस. डॉक्टर म्हणाले, कुत्रीला अजून काही दिवस बांधून ठेवा, ती जगली तर या बाईंना धोका नाही. पण त्याच संध्याकाळी बाईसाहेबांनी तिला मोटारीत घालून कुठेतरी पाठवून दिलं. कुठे ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आपण गेलो तेव्हा पडवीतली साखळी रिकामी होती आणि तुझं काम सुटलं होतं. पाण्याकडे तिने मान फिरवली ती गर्दीला बुजून, की दुसऱ्या कशाने, हे आपल्याला कधीच कळलं नाही.

मग सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं. मी बाहेर बाकावर बसायचे. तू पोट धरून बाहेर यायचीस आणि वाटेत दोनदा बसायचीस. पहिल्या दिवशी परतताना तू म्हणालीस, "फाटक उघडा ऱ्हवला, ता चुकान होता. पण तू गप ऱ्हवलंस, ता वायट." थोडं चालून गेल्यावर म्हणालीस, "मीव गप ऱ्हवलंय." तो विषय तिथेच संपला. त्यावर तू मला कधी टोचून बोलली नाहीस. दोन महिन्यांनी तुला एका शाळेत पाणी भरण्याचं, झाडलोटीचं काम मिळालं, आणि तिथूनच तू म्हातारी होऊन बाहेर पडलीस.

पण दवाखान्यात एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेलं मी बाकावर बसून ऐकलं होतं. इंजेक्शनं उशिरा सुरू झाली तर सांगता येत नाही, वर्षाने, दोन वर्षांनीसुद्धा विष उलटू शकतं. मी ते तुला सांगितलं नाही. परत गप्प राहिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, सून यायच्या आत चुलीत घालेन, आता चूल कसली, गॅसवर धरीन. त्याआधी एक सांगते. त्या वर्षापासून तू कामावरून आलीस की मी तांब्या भरून तुझ्यापुढे धरायचे आणि तू पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायचे. लग्न होईपर्यंत एक दिवस चुकवला नाही. तू चाळभर लेकीचं कौतुक सांगत फिरायचीस, "माझा चेडू न सांगता पाणी हाडून देता, केवढी माया हा." ती माया नव्हती, आये. तू पाणी पितेस की नाही, ते मी बघत होते.