मालूत काय काढायचं?

तीर्थरूप आकेनेसेताईस,

धाकट्या माकेरिताचा वाकून नमस्कार. प्रभूच्या कृपेने इकडे माणसं, डुकरं, कोंबड्या सगळी धडधाकट आहेत. तुझा खोकला कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत कान झाकून चर्चला जात जा. देव टोपीखालूनही ऐकतो.

आपल्या भावाला, तविताला, आईच्या घराण्याची सरदारकी मिळणार म्हणून तू येणारच आहेस, पण इथे माझी झोप कशी उडालीय ते आधी ऐक. घराण्यातल्या वडीलधाऱ्या तिलामावशीने निकाल दिला की त्या दिवशी सगळ्या सरदारांपुढे आवाच्या मुळीचं मानाचं पेय कालवायला आपल्याच आईच्या पोटची लेक बसली पाहिजे, आणि तिच्या मांड्यांवर मालू गोंदलेला पाहिजे. गावात आईच्या लेकींपैकी उरले मी एकटी, आणि माझ्या मांड्या जन्मल्या तशाच कोऱ्या. मी नाही बसले तर ती जागा वायपुनाला जाणार. (चुलत घराण्यातली, तीच. तिचा मालू आहे, आणि झाकून ठेवायची वस्तू ती वाऱ्यावर वाळत घालते. परवा मासे घेतानाही नेसूचा लावालावा गुडघ्याच्या वर खोचून उभी! मासेवाल्याने वजन चुकवलं ते वेगळंच.) आईच्या जागेवर वायपुना बसलेली मला बघवणार नाही, ताई. म्हणून या वयात मी हो म्हणून बसले.

हो म्हटलं, पण काढायचं काय? माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पडद्याचं कापड घ्यायचं तरी मी गावातली सगळी दुकानं पालथी घालते. आणि पडदा नाही आवडला तर त्याचे अभ्रे तरी शिवता येतात; मांडीचे काय अभ्रे शिवणार? त्यातून एवढं सोसून, चटया आणि डुकरं देऊन जे काढून घ्यायचं, ते चारचौघांत दाखवायचं नाही! मला तर हे पैसे देऊन घेतलेलं भांडं कायम माळ्यावर ठेवण्यासारखं वाटतं. आमचे हे म्हणाले, "माझं नाव घाल." मी म्हटलं, "तुमच्या होडीवर माझं नाव आहे का?" तर म्हणतात, "होडी पुढेमागे विकावी लागते गं." पाद्रीबाईंनी स्तोत्रातली एक ओळ सुचवली. आता तिथे लिहिलेली ओळ वाचणार कोण? ह्यांच्याशिवाय कोणी नाही, आणि हे तर चर्चमध्येसुद्धा पुस्तक उलटं धरतात. लुइसाने फोनवरून चित्रांचा पाऊस पाडला: डॉल्फिन, जास्वंद, कासव. वर म्हणते, "आई, कासव घे. कासव शांत असतं. तुला शोभणार नाही, पण बघून काही शिकशील." (लेकीला शिकवलं त्याचं हे फळ.)

शेवटी मी ठरवलं की वस्तू आधी वापरून बघावी. बॉलपेनने मांडीवर छानसं कासव काढलं आणि आठवडाभर वागवलं. आंघोळीत पुसट झालं की पुन्हा गिरवायचं. सोमवारी आवडलं, मंगळवारी त्याचं तोंड तिलामावशीसारखं दिसायला लागलं, गुरुवारी पुन्हा माया आली. रविवारी तसंच चर्चला गेले. पांढरा पोशाख, ते ऊन, आणि पाद्रीबुवांचं ते प्रवचन (योना माशाच्या पोटात गेला तो आमच्या दुपारच्या जेवणापर्यंत बाहेरच येईना). घामाने मी न्हाऊन निघाले. स्तुतिगीताला उभी राहिले, तर गायकवृंदातल्या बायकांचा सूरच फाटला. खाली बघते तो पोशाखावर हिरवंनिळं कासव, चारही पाय पसरून! मागून वायपुना कुजबुजली, "माकेरिता, तुझं कासव अंडी घालायला वर आलंय गं." मी गीताचं पुस्तक पोटाशी धरून बाजूने चालत घरी आले. डाग अजून गेला नाही. लिंबू, मीठ, ऊन, सगळं झालं.

मग सगळी चित्रं गोळा करून मी गोंदणाऱ्या लाफोगांकडे गेले. ते अंगणात बसून गोंदायचे हाडाचे दाते घासत होते. माझे कागद त्यांनी हातात घेतले, उलटे करून कोऱ्या बाजूने चटईवर पसरले, आणि त्यांवर आपले दाते ओळीने मांडले.

"हे कशाला आणलंस, बाई?"

"निवडायला."

"कोणी निवडायला?"

"मीच की! मांड्या माझ्या आहेत."

"घर बांधताना घर सुताराला सांगतं का, खिडकी इकडे काढ म्हणून?" मग त्यांनी आपली आई कुठली, आजी कुठली, आजीच्या घराण्यात कोण समुद्रात गेलं, कोण परत आलं, सगळं विचारलं. माझ्या पायांकडे एकदाही बघितलं नाही. मी म्हटलं, "अहो, पण मला नाही आवडलं तर?" म्हणाले, "आवडण्याचं काम तुझं नाही. तुझं काम नेसायचं, आणि नेसून नीट वागायचं. वाईट दिसण्यात लाज नसते. अर्धवट उठून पळण्यात असते." गुडघ्यामागची नक्षी ठरलेलीच, बाकीचं बसल्यावर त्यांना दिसेल म्हणे!

तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडते. तारोचं पातेलं चुलीवर ठेवते आणि चूल पेटवायला विसरते. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणते, "प्रभो, तुझी इच्छा. तारे चालतील, माशाची जाळी चालेल, फक्त गोम नको." (त्यांच्या नक्ष्यांत गोमही असते.) मग वाटतं, हीही निवडच झाली; की परत गुडघे टेकते. हे म्हणतात, "देवालाही एकदा झोपू दे."

असो. सर्वांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
माकेरिता

ता. क. एक सांगायचं राहिलं. लाफोगा एकटीच्या अंगाला दाते लावत नाहीत. दोघी हव्यात, दुखणं वाटून घ्यायला. लुइसाला विचारलं, ती पोटात दुखतंय म्हणून मामाकडे पळाली. मोठ्या जावेला साखरेचा त्रास. तिलामावशीचा मालू आधीच झालेला आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा समारंभाच्या आधल्या आठवड्यातच ये. तिकीट बदलून मिळतं, मी चौकशी केलीय. तुझं नाव सांगून आलेय. रागावू नकोस, आईला आपण दोघीही सारख्याच होतो.

ता. क. शेवटचा. लाफोगांनी विचारलं, थोरली कशी आहे? मी म्हटलं, हट्टी, कोणाचं न ऐकणारी, आईची सगळी गाणी पाठ असलेली. ऐकताच हसले आणि म्हणाले, "हिचं मला दिसलं." माझं अजून दिसत नाही म्हणे! तुझं काय दिसलं ते मी परोपरीने विचारलं, सांगत नाहीत. म्हणून आधी तूच बसायचं, थोरली आहेस. मी शेजारी बसून तुझा हात धरते, तुझी नक्षी नीट बघून घेते, आणि मग ठरवते मला कसली हवी ते.